माझी गोळी, तिचे शरीर

डॉक्टरांनी दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावीकडचा माझा होता, उजवीकडचा माझी पत्नी सुनंदा हिचा. दोन्हींवर वरच्या बाजूला एकच निदान होते: एचआयव्ही पॉझिटिव्ह. खालच्या ओळी मात्र एकाच आजाराच्या वाटत नव्हत्या. माझ्या रक्तात विषाणू लाखांच्या घरात होते. सुनंदाच्या रक्तात ते यंत्राला सापडलेच नव्हते, आणि तिने तोवर या आजाराची एकही गोळी घेतलेली नव्हती.

"ताई, तुम्हाला लागण आहे, पण तुमचं शरीर ती दाबून धरतंय," डॉक्टर म्हणाल्या. "असं फार थोड्या लोकांच्या बाबतीत होतं."

सुनंदाने माझ्याकडे पाहिले नाही. तिने विचारले, "आणि यांचं?"

"यांचं नाही धरत."

हे लिहितो आहे ते मुख्यतः अशा घरांसाठी, जिथे एकाहून अधिक माणसांना हा आजार आहे. माझ्या हातून जी चूक झाली ती अशाच घरात होऊ शकते, आणि ती प्रेमाने होते म्हणून अधिक धोक्याची आहे. ही लागण माझ्याकडे कशी आली, हे ज्या एका व्यक्तीला सांगणे माझे कर्तव्य होते तिला मी सांगितले आहे. येथे त्याची उजळणी करून कोणाचे भले होणार नाही. ती माझ्यामुळे सुनंदापर्यंत पोहोचली, एवढे मात्र लिहिलेच पाहिजे, कारण पुढचे सारे त्या जाणिवेतूनच घडले.

मी नाशिकला पंचवटीत राहतो. द्राक्षबागांचा सल्लागार म्हणून काम करतो. म्हणजे बागेत जाऊन पाने, घड, माती पाहायची आणि कोणती फवारणी केव्हा, किती मापाने करायची ते सांगायचे. पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या बागा माझ्याकडे अधिक. वर्षातील निम्मे दिवस मोटारसायकलवर जातात, त्यामुळे त्या उन्हाळ्यात वजन उतरू लागले तेव्हा मी उन्हाला दोष दिला. मग बरगडीवर नागीण उठली. शेजारच्या काकूंनी गेरूचा लेप दिला, तो मी मुकाट्याने लावला. नागीण गेली, तर तोंडात पांढरा थर धरू लागला, तिखट सोसेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, बरगडीवरचे व्रण पाहिले आणि खाली मान घालून चिठ्ठीवर एक तपासणी लिहिली. ती लिहिताना ते काही बोलले नाहीत, यावरूनच मला बरेचसे कळले.

एआरटी केंद्रात, म्हणजे या आजारावरील उपचार जेथे मिळतात तेथे, माझी सीडी-फोर तपासणी झाली. सीडी-फोर या शरीराच्या संरक्षणातील प्रमुख पेशी. हा विषाणू नेमका त्यांनाच गाठतो. माझ्याकडे त्या फार थोड्या उरल्या होत्या. त्यात मूत्रपिंडाचा रिपोर्टही चांगला नव्हता. बहुतेकांना जी गोळी देतात तिच्यातील एक औषध मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून मला अबॅकाविर नावाचे औषध असलेल्या वेगळ्या गोळ्या दिल्या गेल्या.

त्या देताना समुपदेशक बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. पहिल्या दीड महिन्यात ताप, अंगावर पुरळ, उलट्या, खोकला, धाप, यांपैकी काही एकत्र दिसले तर थेट इकडे यायचे. काही जणांच्या शरीराला हे औषध अजिबात चालत नाही. आणि एकदा अशा कारणाने गोळी थांबली की स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करायची नाही. मी मान डोलावली. तो दीड महिना मी रोज आरशात छाती-पाठ निरखून पाहत असे. काही झाले नाही. उलट तोंडातला थर गेला, जेवण जाऊ लागले. मी मनाशी ठरवून टाकले की ही गोळी चांगली आहे. माझ्यावर तिची परीक्षा झाली होती.

सुनंदाची तपासणी याच काळात झाली. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिची तपासणी निगेटिव्ह आली. त्या दिवशी केंद्राच्या आवारातील बाकावर मी बराच वेळ बसून राहिलो आणि सुनंदाने मला बसू दिले.

सुनंदाच्या बाबतीत डॉक्टरांनी जे समजावले ते मला उमगले तसे सांगतो. अशा रुग्णांना एलिट कंट्रोलर म्हणतात. म्हणजे औषधाविना विषाणूला काबूत ठेवणारे. विषाणू पेशीत शिरला की पेशी त्याचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून दाखवते, जणू आत कोण शिरले आहे याची वर्दी देते. ते तुकडे ज्या रेणूंवर ठेवून दाखवले जातात त्यांना एचएलए म्हणतात. हे रेणू प्रत्येकाचे थोडे थोडे निराळे असतात आणि ते आईवडिलांकडून येतात. काहींचे रेणू विषाणूचा असा तुकडा पकडून दाखवतात, जो बदलायला गेल्यास विषाणू स्वतःच लुळा पडतो. मग त्याला वेष पालटून निसटता येत नाही आणि संरक्षक पेशी त्याला ओळखत राहतात. माझे शरीरही तुकडे दाखवतच होते, पण विषाणूने ते केव्हाच बदलले होते.

"म्हणजे मला औषध नको?" सुनंदाने विचारले.

डॉक्टर म्हणाल्या, द्यायचेच आहे. हा ताबा कायम टिकेल याची खात्री देता येत नाही, आणि विषाणू दबून असला तरी त्याच्याशी झगडताना शरीर आतून झिजत असते. मात्र घाई नाही. आधी मूत्रपिंड, यकृत वगैरे तपासून कोणती गोळी द्यायची ते ठरवू. त्यांनी पुढची तारीख दिली.

त्या तारखेला सुनंदा गेली नाही. बागलाणात नामपूरला तिचे माहेर. तिच्या आई अंगणात पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडले. सुनंदा तिकडे गेली ती भाऊबीज उरकूनच परतली. तोवर माझ्या बागांचा हंगाम ऐन भरात आला होता. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात जाऊ. तिने होकार दिला. तिला त्या केंद्राच्या रांगेत उभे राहणे नको वाटे. ओळखीचे कोणी भेटेल ही भीती तिला माझ्यापेक्षा जास्त होती.

येथे मी माझ्या मनाकडे नीट पाहिले पाहिजे. रोज रात्री जेवणानंतर मी गोळी घेई आणि ती समोर बसून भाजी निवडत असे. ज्याने आजार आणला त्याच्या हाती औषध, आणि जिच्यापर्यंत तो पोहोचला ती रिकाम्या हाताने, हे मला बघवेना. डॉक्टर सांगत होत्या की तिचे शरीर माझ्यापेक्षा समर्थ आहे. मला मात्र ती उघड्यावर उभी असलेली दिसत होती. शिवाय माझ्याकडे दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या. आजार एक, घर एक, औषध सरकारमान्य, आणि माझ्यावर परीक्षा झालेले. मी एक गोळी तिच्यापुढे ठेवली.

"डॉक्टरीणबाई काही म्हणणार नाहीत ना?" तिने विचारले.

"पुढच्या खेपेला सांगू," मी म्हणालो.

तिने गोळी घेतली. मला वाटते, तिने ती आजारासाठी घेतली नाही; माझा चेहरा पाहून घेतली. आणि मला, लिहायला संकोच वाटतो, फार बरे वाटले. त्यानंतर रोज आम्ही दोघे एकाच तांब्यातले पाणी ओतून घेऊन एकाच वेळी गोळी घेऊ लागलो. मी त्याला तिची काळजी म्हणत होतो. त्यात माझी स्वतःची सोय किती होती, हे मला नंतर दिसले. गोळी घेताना मी आता एकटा नव्हतो.

आठवडा उलटून गेल्यावर तिला कणकण आली. मग ताप चढला, अंग ठणकू लागले, उलट्या झाल्या, कोरडा खोकला सुरू झाला. गल्लीत घरोघरी तापाची साथ होती. मी तिला पेज दिली, कपाळावर घड्या ठेवल्या. पोटात काही ठरत नव्हते म्हणून गोळीही थांबली. आणि गोळी थांबल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरला. तिने उठून अंघोळ केली, वरणभात खाल्ला. दंडावर फिकट लाल ठिपके तेवढे राहिले होते. ती म्हणाली, तापाचा उष्मा असेल.

समुपदेशक बाईंचे शब्द मला पाठ होते. पण ते मी स्वतःसाठी पाठ केले होते. ते माझ्या दीड महिन्यासाठी होते आणि तो दीड महिना संपला होता, असे माझ्या मनाने परस्पर ठरवलेले असावे. ताप साथीचा होता, तो गेला, मग खंड कशाला, असा माझा हिशेब. त्या संध्याकाळी मी तिच्या तळहातावर गोळी ठेवली आणि पाणी आणायला उठलो, तेवढ्यात फोन वाजला.

त्या दिवसांत संध्याकाळी माझा फोन सतत वाजतो. मणी फुगवण्यासाठी द्राक्षाला जीए नावाचे संजीवक देतात. त्याचे माप चुकले तर घड बिघडतो, म्हणून शेतकरी विचारून घेतात. फोनवर पिंपळगावकडचे एक तरुण बागायतदार होते.

"सर, शेजारच्याच्या बागेला जीएचा तो डोस मारला, लय भारी साइझ आली. तेच माप मी घेतो उद्या. टाकीसुद्धा त्याचीच आणलीये."

"आधी व्हरायटी सांगा," मी म्हणालो.

"माझी काळी हे. त्याची थॉमसन."

"मग त्याचं माप तुम्हाला कसं चालेल? त्याला मानवलं म्हणून तुम्हाला मानवेल असं नसतं. किती वेळा सांगायचं, शेजाऱ्याचा डोस आपल्या बागेत आणायचा नाही."

"बरं झालं विचारलं, सर. नायतर लागली असती वाट."

मी फोन ठेवला. सुनंदा तळहात तसाच उघडा धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर थोडे हसूही होते.

"अहो," ती म्हणाली, "माझी व्हरायटी कोणती, ते विचारलंत का कुणाला?"

हे वाक्य तिने थट्टेत म्हटले की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. ताप, उलट्या, पुरळ ही समुपदेशक बाईंची यादी मात्र मला तेव्हा आठवली. चौदा जातींच्या बागांविषयी मी आयुष्यभर तोच पहिला प्रश्न विचारत आलो होतो, आणि घरात तो विसरलो होतो. मी केंद्राने दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. समुपदेशक बाईंनी दोन वाक्ये ऐकली आणि फोन डॉक्टरांकडे दिला.

"गोळी आत्ता कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारले.

"तिच्या हातात."

"आधी ती काढून घ्या. मग बोला."

मी काढून घेतली. त्यांनी पुन्हा विचारले, काढून घेतली का? मी म्हणालो, घेतली. मग त्यांनी ताप, उलट्या, पुरळ यांविषयी एकेक करून विचारले आणि म्हणाल्या, लगेच घेऊन या.

रुग्णालयात सुनंदाला निरीक्षणाखाली ठेवले. रक्तदाब, रक्तातील प्राणवायू, यकृताची तपासणी. तिची तब्येत स्थिर होती. डॉक्टर मला बाहेरच्या मार्गिकेत घेऊन गेल्या. मी सारे सांगितले, काहीही न वगळता. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या म्हणाल्या, पहिल्या वेळी या औषधाची अशी प्रतिक्रिया आली की शरीर हळूहळू बिघडते आणि गोळी थांबवली की सावरते. पण तेच औषध पुन्हा दिले तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. माणूस जाऊ शकतो.

"बरं वाटलं म्हणूनच लोक पुन्हा देतात, काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिले नाही."

मी बाकावर बसलो. समोर भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचे चित्र होते, ते कितीतरी वेळ पाहत राहिलो. मी तिला आजार दिला होता हे काही महिन्यांपूर्वी कळले, तेव्हा अजाणतेपणा ही माझी एक तरी पळवाट होती. या वेळी मी शुद्धीवर होतो, प्रेमात होतो, आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठलो होतो. पश्चात्ताप झालेला माणूस सावध असतो असा माझा समज होता. तसे नसते. भरपाई करण्याच्या घाईत तो समोरच्याला विचारायचेही विसरतो.

डॉक्टरांनी एक तपासणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली. एचएलए-बी सत्तावन्न शून्य एक, असे तिचे नाव. ही एक जनुकीय खूण आहे. ती असलेल्यांना अबॅकाविर देऊ नये असा नियम आहे. अहवाल येईपर्यंत आम्ही घरी परतलो होतो. त्या दिवसांत मी स्वयंपाक केला. सुनंदा ओट्यापाशी बसून सांगत असे, मीठ कमी, फोडणी जळाली. एकदा म्हणाली, "जिरं कधी टाकायचं ते आधी विचारा, मग टाका." मी विचारून टाकले.

अहवाल पॉझिटिव्ह आला. माझ्याही रक्ताची तीच तपासणी केली होती. ती निगेटिव्ह होती.

आता डॉक्टर जे म्हणाल्या ते मी जपून लिहितो, कारण याचा कोणी चुकीचा अर्थ काढू नये. सुनंदाच्या पेशींवर जो रेणू विषाणूचे नेमके तुकडे पकडून दाखवतो, बहुधा त्याच रेणूच्या खाचेत हे औषध जाऊन बसते. ते बसले की रेणू शरीराच्या स्वतःच्याच तुकड्यांना वेगळ्या रूपात दाखवू लागतो आणि संरक्षक पेशी घरच्यांनाच परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. ज्या पहारेकऱ्याने इतकी वर्षे तिला सांभाळले, त्याचीच दिशाभूल माझ्या गोळीने केली. मात्र ही खूण असलेला प्रत्येक माणूस विषाणूला रोखू शकतो असे नाही, आणि रोखू शकणाऱ्या प्रत्येकात ही खूण असते असेही नाही. इतर जनुके, विषाणूचा प्रकार, आणि अजून नीट न उलगडलेल्या पुष्कळ गोष्टी त्यात असतात. "आम्हाला सगळं कळलंय असं समजू नका," असे त्या म्हणाल्या. हे ऐकून मला त्यांच्याविषयी अधिकच विश्वास वाटू लागला.

सुनंदाने सारे शांतपणे ऐकले. मग विचारले, "हे आईकडून येतं की वडिलांकडून?"

"एक एचएलए संच आईकडून, एक वडिलांकडून. ही खूण कुणाकडची, ते त्यांना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

सुनंदाचे वडील, ज्यांना ती दादा म्हणत असे, जाऊन बरीच वर्षे झाली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे आजार सासरचा आणि राखण माहेरची."

डॉक्टर हसल्या. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही. डोळे पुसल्याचे आठवते.

तिच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्यांत अबॅकाविर नाही. तिची मूत्रपिंडे उत्तम असल्याने तिला नेहमीची गोळी चालते. तिच्या फाइलवर लाल शाईने "अबॅकाविर कधीही देऊ नये" असे लिहिले आहे आणि तशीच चिठ्ठी तिच्या पर्समध्ये असते. मुलीलाही सांगून ठेवले आहे, कारण ती खूण तिच्याकडेही आली असू शकते. घरात दोन डब्या आहेत. माझी दिवाणखान्यात, तिची स्वयंपाकघरात. वेळ झाली की आम्ही आपापल्या जागी जाऊन गोळी घेतो आणि मग एकत्र बसतो. माझ्या रक्तातील विषाणू आता मोजण्याच्या मर्यादेखाली आले आहेत. ज्या जागी ती औषधाविना उभी होती, तेथे मी रोजच्या गोळीच्या आधाराने पोहोचलो आहे.

ज्यांच्या घरी असे दोन रुग्ण असतील त्यांना माझी विनंती एवढीच, की आजाराचे नाव एक असले तरी ती दोन शरीरे आहेत. आपल्याला मानवलेले औषध प्रेमापोटीही दुसऱ्याच्या हातावर ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, आणि त्याच्याही आधी त्या माणसाला विचारा.

मागच्या महिन्यात आम्ही नामपूरला गेलो. सासूबाईंचे मनगट जुळले आहे, पण मूठ अजून पुरती वळत नाही. त्यांना आमच्या आजाराविषयी काही ठाऊक नाही. सांगायचे की नाही हे सुनंदा ठरवील. निघताना मी पाया पडलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि अहिराणीत विचारले, "जवाईबापू, मनी पोर बरी शे ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. "तुमच्यामुळे बरी आहे."

जावई गोड बोलतो म्हणून त्या खूश झाल्या. सुनंदा दारात पिशवी घेऊन उभी होती. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ बाहेर कांद्याच्या वावरांकडे पाहत होती. सटाणा मागे पडल्यावर म्हणाली, "परस्पर आईचं नाव घेऊन टाकलंत. दादांकडूनही आलं असेल."

"चुकलं," मी म्हणालो. "विचारायला हवं होतं."

"विचारत जा," ती म्हणाली, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी माझ्यापुढे धरली.